आभाळावरचे ओरखडे

सौंदडच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे, शटर सकाळी वर जातं आणि संध्याकाळी खाली येतं. मधल्या वेळात कोणी शाळेसाठी, कोणी बँकेसाठी चेहरा घेऊन येतं आणि मी त्यांना हनुवटी वर करा, कान दिसू द्या, असं सांगत बसतो. लग्नं केली, बारशी केली, कचारगडच्या जत्रेत गळ्यात कॅमेरा अडकवून फिरलो, मयताचेही फोटो काढले. हे सगळं पोटासाठी. संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ म्हणून फोन केला तेव्हा त्यांना यातलं काहीच नको होतं. त्यांना हवे होते माझे रात्रीच्या आभाळाचे फोटो, त्यातले तारे आणि त्यामागच्या गमतीजमती.

गमतीजमती सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो की अंक दिव्यांच्या सणाचा आहे आणि माझं काम अंधाराचं होतं. तो अंधार आता उरला नाही. तेव्हा पुढे थोडं रडगाणं येणार आहे. ज्यांना फराळ करता करता वाचायचं असेल त्यांनी दोनचार पानं उलटून पाककृतींकडे जावं, मला राग येणार नाही.

काम काय असतं ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही ते अजून कळलेलं नाही. तो आजही लोकांना सांगतो, ‘आमचे जावई रात्री भुताचे फोटो काढतात.’ दिवसा फोटो काढताना कॅमेऱ्याचा पडदा पापणी लवायच्या आत उघडून मिटतो. रात्री उजेड इतका थोडा असतो की पडदा उघडा ठेवून वाट बघावी लागते. नळ बारीक ठिबकत असला तरी खाली बादली ठेवून झोपलं तर पहाटेपर्यंत ती भरते, तसंच हे. डोळ्याला जो तारा दिसतसुद्धा नाही त्याचाही उजेड थेंबथेंब साठत जातो आणि फोटोत उमटतो.

आणि तेवढ्या वेळात पृथ्वी फिरत असते. त्यामुळे तारे जागेवर राहत नाहीत, रेघा ओढत जातात. उत्तरेला कॅमेरा लावला तर मधोमध ध्रुव आणि त्याच्याभोवती गोल गोल रेघा, एकात एक. रोल होता त्या काळी अख्ख्या रात्रीचा एकच फोटो निघायचा आणि पहाटे एखाद्या मोटारसायकलीचा दिवा समोरून फिरला की सगळी रात्र पाण्यात. आता डिजिटलमध्ये छोटे छोटे फोटो लागोपाठ घेऊन ते कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवतात. यंत्र बदललं, पण बसून राहणं तेच.

थंडीत भिंगावर दव धरतं, आणि एकदा धरलं की फोटो गेला. शहरातले हौशी लोक त्यासाठी बॅटरीवर तापणारा पट्टा आणतात. मी जुन्या मोज्यात गरम रेती भरून भिंगाभोवती बांधायचो आणि ती रेती गोरसीवर, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या शेगडीवर, पुन्हा पुन्हा तापवायचो. माझ्या बायकोने सगळे मोजे जळल्याबद्दल मला कधी माफ केलं नाही.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर गोंदियाच्या एका राईस मिलवाल्या शेठनी ऑफिसात लावायला माझा मोठा फोटो नेला होता. बोडीवरचं आभाळ, मधोमध ध्रुव, भोवती गोल रेघा. बोडी म्हणजे शेताला पाणी पुरवणारं आमच्याकडचं लहानसं तळं. भिंतीवर लावल्यावर त्यांचा फोन आला.

“भैया, फोटो तो एकदम मस्त है. बस ये गोल-गोल लाइनें साफ कर दो.”

“शेठजी, वो तारे हैं.”

“तारे ऐसे होते हैं क्या? तारे तो टिमटिम होते हैं. ये तो लगता है किसी ने काँच पे खरोंच मार दी.”

मी पृथ्वीपासून सुरुवात केली. पलीकडे ते मोठ्याने धानाच्या गाड्या मोजत होते. शेवटी मी त्यांना ठिपक्याठिपक्यांचे तारे असलेला दुसरा फोटो दिला, तो मात्र त्यांना पसंत पडला. ओरखड्यांचा फोटो परत आला आणि माझ्याच स्टुडिओत लागला. तो अजून तिथेच आहे.

दुसरं एक जोडपं आमगावचं. लग्नाआधीचे फोटो हल्ली सगळ्यांना हवे असतात, यांना तारे मागे घेऊन हवे होते. अशा फोटोत माणसाने पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं. जो हलतो तो धूसर होतो, जो फार हलतो तो फोटोत उरतच नाही. मुलगी बिचारी श्वास रोखून उभी राहिली. मुलाला डास चावले. त्याने आधी मानेवर, मग पायावर, मग पाठीवर चापटी मारली. फोटोत मुलगी ठसठशीत आणि शेजारी तिच्या हातात हात दिलेला नवरदेव आरपार. त्याच्या पोटातून मागचं पळसाचं झाड दिसत होतं. मुलीच्या आईने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, “हे काई चांगलं लक्षन नाई. जावई आरपार दिसून राहिला.” लग्न मोडायची वेळ आली होती. मी दुसऱ्या फोटोतला धड नवरदेव कापून तिथे बसवला तेव्हा कुठे बाई शांत झाल्या. ते जोडपं आज सुखात आहे. मुलगा रस्त्यात भेटला की अजून स्वतःच्या पोटावर हात ठेवून हसतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख गोड झाला असता.

चिचगडच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो, डांबर संपतं आणि एक नाला ओलांडला की कोसमटोला लागतो. टोला म्हणजे पाडा, थोडीशी घरं, सगळी गोंडांची. घरात वीज होती, एका घराला एक बल्ब, पण रस्त्यावर एकही दिवा नव्हता. टोल्याच्या उत्तरेला बोडी, पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मग नुसतं जंगल. त्या दिशेला दूरपर्यंत कुठलं मोठं गाव नाही, म्हणून आभाळाच्या कडेला उजेडाचा डाग नाही. माझ्यासारख्या माणसाला अशी जागा सापडणं म्हणजे काय ते मी सांगू शकत नाही. मी पहिल्यांदा तिथे कॅमेऱ्याची तिपाई उभी केली आणि मान वर केली तेव्हा मला रडू आलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच रात्री काठी टेकत एक म्हातारी आली.

“कोन होय गा? अंधारात का करून राहिला?”

“फोटो काढून राहिलो माय.”

“कोनाचा? अठी तं कोनी नाई.”

“ताऱ्यांचा.”

तिने मान वर करून आभाळ बघितलं. मग तिने विचारलं, “तुह्या गावी नाई का तारे?”

“हायेत, पन दिसत नाई. लाईट लय झाले.”

तिला माझी खरोखर कीव आली. “चाल घरी. भात खा,” म्हणाली.

ही फुलमतबाई. तिचा मुलगा सुरजू शेती करायचा, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायचा. सून रमशीला. त्या रात्रीपासून त्यांचं अंगण माझं झालं. पुढे नागपूरचे हौशी फोटोवाले माझ्याबरोबर यायला लागले तेव्हा त्यांचंही झालं. रमशीला सगळ्यांना रांधून घालायची. मी मोजे तापवायला मागितले की गोरसी आणून द्यायची आणि तिच्यावर मडक्याचं झाकण ठेवायची. “झाकून ठेवली जी भाऊ. नाई तं तुमचा फोटो बिगडन.” निखाऱ्याच्या लाल उजेडानेसुद्धा फोटो बिघडतो हे मी तिला एकदाच सांगितलं होतं.

टोल्यातल्या सगळ्यांना माझ्या कामाची शिस्त पाठ झाली होती. कोणी बॅटरी घेऊन बोडीकडे निघालं की फुलमतबाई अंगणातून ओरडायची, “बत्ती बुजव रे, भाऊ फोटो काढून राहिला!” आणि तो माणूस खरंच बत्ती विझवून, पायाखालची वाट आठवत पुढे जायचा.

फुलमतबाईला आभाळातलं एकच ठिकाण पक्कं ठाऊक होतं. पुस्तकवाले ज्याला सप्तर्षी म्हणतात ती तिच्या लेखी म्हातारीची खाट. चार तारे म्हणजे खाटेचे चार पाय, सोन्याचांदीचे. मागे ओळीने तीन तारे ते तीन चोर. “चोर खाट न्याले पायतेत. पन म्हतारी लय हुशार. रातभर डोळा लावत नाई. जोपर्यंत म्हतारी जागी हाय, तोपर्यंत चोरायच्यानं खाट नेववत नाई. नुसते ओढतेत, ओढतेत, गोल गोल फिरवतेत.” उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून ती उत्तरेकडे पाय करून पडायची, आणि झोपायच्या आधी वरची खाट जागेवर आहे ना ते बघायची. नातवंडांनाही बघायला लावायची.

एका उन्हाळ्यात त्या वरच्या खाटेवरच कॅमेरा लावून मी रात्र काढली. फोटो तयार करून तिच्या हातात दिला. मनात धाकधूक होती, शेठजींचा अनुभव ताजा होता. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, रेघांवरून बोट फिरवलं.

“हे तं खाट ओढल्याचे वरखडे होत,” ती म्हणाली. “सारवलेल्या आंगनात खाट ओढली का अशेच वरखडे पडतेत. पाय ना सुरजू, मी म्हनत नव्हती? ओढतेतच ते चोर.”

आयुष्यात माझ्या फोटोचं इतकं बरोबर वाचन दुसऱ्या कोणी केलं नाही. शेठजींनीही ओरखडेच पाहिले होते, पण त्यांना ते पुसून हवे होते. फुलमतबाईने तो फोटो देवाजवळच्या भिंतीवर लावला.

तिला अजून एक गोष्ट मी दाखवली होती. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, नुसत्या डोळ्याला रिकाम्या वाटणाऱ्या जागी, कितीतरी बारीक तारे उमटलेले. तेव्हापासून तिचं ठाम मत झालं होतं की आपल्याला दिसत नाही ते या मशीनला दिसतं.

तोच खाटेचा फोटो मी एका प्रदर्शनात पाठवला आणि तिथून तो वर्तमानपत्रात आला. चांगलं अर्धं पान. खाली ओळ होती, ‘जिल्ह्यातला सगळ्यात काळोखा टोला.’ ती ओळ मी लिहिलेली नव्हती, पण वाचून माझी छाती फुगली. आमच्या धंद्यात काळोखा हा शब्द म्हणजे कौतुक. सोनाराला शुद्ध सोनं म्हटल्यासारखं. मी ते पान घेऊन कोसमटोल्याला गेलो, रमशीलाने चहा केला, सगळ्यांनी आपापलं घर फोटोत शोधलं. कोणालाच वाईट वाटलं नाही.

त्या पावसाळ्यात रमशीला गेली.

रात्री ती घरामागे कुडाच्या कुंपणाकडे गेली होती. पायाला काहीतरी टोचलं. काटा असेल म्हणून परत येऊन झोपली. मण्यार चावली तर फारसं दुखत नाही, सूज येत नाही, तेच तिचं वाईट आहे. पहाटे तिला पापण्या उघडता येईनात. सुरजूने तिला उचलून नाल्यापर्यंत आणलं, नाल्याला पूर होता. पाणी उतरून पलीकडे नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मला निरोप उशिरा मिळाला. मी गेलो तेव्हा सुरजू अंगणात बसला होता. मला बघून म्हणाला, “फोटो पायजे होता तिचा. एकटीचा एक बी नाई.” माझ्याकडे होता. एकदा ती गोरसी घेऊन येत असताना मी सहज काढला होता. तो मोठा करून दिला. आजही तो खाटेच्या फोटोशेजारी टांगलेला आहे, हार घातलेला.

त्यानंतर काही दिवसांनी आमचे एक लोकप्रतिनिधी भेटायला आले. गाड्यांचा ताफा, मागे कार्यकर्ते. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं ते पान होतं, माझा फोटो वर येईल असं दुमडलेलं. “ये फोटो देखके मेरी तो नींद उड गई,” ते सुरजूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “आजच्या जमान्यात आपल्या जिल्ह्यात असा अंधार? ये हम सबके लिए शरम की बात है.” तिथल्या तिथे त्यांनी टोल्याच्या चौकात हायमास्ट उभारून देण्याचं जाहीर केलं. हायमास्ट म्हणजे तो उंच खांब, ज्याच्या डोक्यावर मोठमोठे पांढरे दिवे गोल बसवलेले असतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुःख झालेल्या घरी टाळ्या वाजवू नयेत याचंही भान राहिलं नाही.

माझी झोप त्या दिवशी उडाली. दोन गोष्टी मला दिसत होत्या. एक म्हणजे हा दिवा लागला की कोसमटोल्याचं आभाळ संपलं. दुसरी गोष्ट मला स्टुडिओने शिकवली होती. एकाच उंच जागेवरून कडक उजेड पडला की समोरचं झगझगीत होतं आणि आडोशाची सावली आणखी काळी पडते. चौकातला दिवा चौक उजळेल. घरामागचं कुंपण, जिथे रमशीलाला मण्यार चावली, ते मात्र घराच्या सावलीत जाईल. तिथे हवे होते छोटे दिवे, खांद्याइतक्या उंचीचे, वर पत्र्याची टोपी घातलेले, उजेड पायाशी पाडणारे. एकेका घराच्या मागे एकेक. वाटही दिसली असती आणि तारेही राहिले असते.

नागपूरच्या मित्रांनी त्याचं चित्र काढून दिलं. ते घेऊन मी ग्रामसभेत गेलो. सभा पिंपळाच्या पारावर होती. सरपंचांनी सुरुवातीलाच माझा फोटो सगळ्यांना दाखवला, “पायजा, अंधाराचा पुरावा हाय हा.” मी उभा राहिलो. टोपीवाल्या दिव्यांचं सांगितलं, सावलीचं सांगितलं. हाताने दाखवलं, उजेड इथून आला तर सावली अशी पडते. लोक ऐकत होते. मग मी आभाळाबद्दल बोललो. असं आभाळ आता कुठे राहिलं नाही, लोक दुरून बघायला येतात, हे तुमचं धन आहे. माझा आवाज तिथे चढला. मला स्वतःला तो ऐकू आला.

सुरजू उठला. तो माझ्यावर कधी रागावला नव्हता, त्या दिवशीही आवाज खालीच होता.

“भाऊ, तुमाले अंधार पायजे, तुमी महिन्यातून एखादी रात येता. आमाले तो रोजच भेटते. माही बायको अंधारात मेली. जिल्ह्याच्या गावात येवढाले लाईट हायेत, तठी कोनी टोपी नाई घालत. आमालेच अर्धा उजेड कायले?”

सावलीचं गणित बरोबर होतं आणि सुरजूही बरोबर होता. मी वाटेसाठीही बोलत होतो आणि ताऱ्यांसाठीही, पण त्यांना त्यातले तारेच ऐकू आले. ऐकू यावं असंच मी बोललो होतो.

मी फुलमतबाईकडे पाहिलं. ती बायकांमध्ये बसली होती. मला वाटलं, ही काहीतरी म्हणेल, खाटेचं सांगेल. ती म्हणाली, “येऊ द्या लाईट. सून गेली माही.”

ठराव एकमताने झाला. मी चित्राची गुंडाळी करून मोटारसायकलला बांधली.

थंडीत हायमास्ट उभा राहिला. उद्घाटनाचे फोटो काढायला कोणाला बोलावलं असेल? पंचक्रोशीत फोटोवाला मीच. गेलो. बटण दाबताना बोट कसं ठेवायचं, नारळ कोणत्या बाजूने फोडला तर चेहरा दिसेल, सगळं नीट सांगितलं. अंधार पडल्यावर बटण दाबलं गेलं. दिवे आधी निळसर फुरफुरले, मग पांढरे लख्ख झाले. पोरं खांबाभोवती धावायला लागली, बायका एकमेकींचे चेहरे बघून हसल्या. खरंच आनंद होता आणि मी तो टिपला. एकदा फक्त कॅमेरा खाली करून वर बघितलं. तिथे काहीच नव्हतं. इतक्या वर्षांचं माझं सगळं जिथून आलं ती जागा रिकामी होती, आणि खाली लोक टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर मी दुसऱ्या जागा शोधल्या नाहीत असं नाही. सालेकशाकडे गेलो, कचारगडच्या डोंगरामागे गेलो. कुठेही जा, आभाळाच्या कडेला पांढरा फुगवटा असतोच. हायवेचे दिवे, मिलचे दिवे, ढाब्यांचे दिवे, प्रत्येक टोल्याचा आपापला हायमास्ट. अंधार सापडलाच तर विमान चालवायला शिकणारी पोरं डोक्यावरून घिरट्या घालतात, नाहीतर माळेसारखे एकामागे एक उपग्रह फोटो फाडून जातात. नागपूरचे मित्र आता लडाखला जातात. मलाही चला म्हणतात. पण मला लडाखचं आभाळ नको आहे. माझं आभाळ बोडीवरचं होतं, त्याच्या खाली मोहाचं झाड होतं आणि एका बाजूला झाकण घातलेली गोरसी होती. ते गेलं, आणि ते परत येणार नाही हे मला कळतं. दिवा एकदा लागला की तो कोणी काढत नाही. काढावा असं म्हणायलाही मला तोंड नाही.

तिपाई माळ्यावर टाकली. कॅमेरा लग्नात वापरतो.

यंदाच्या वैशाखात सुरजूचा फोन आला. “माय बलावून राहिली. मशीन घेऊन या म्हनते.” मला जायचं नव्हतं. बायको म्हणाली, “म्हातारं माणूस आहे, जाऊन या.” गेलो.

नाल्याच्या अलीकडूनच टोला दिसायला लागला, पांढरा. सुरजूने पाणी दिलं आणि मला घरामागे घेऊन गेला. तिथे, मी म्हटलं होतं तशीच, घराची काळी सावली कुंपणावर पडलेली होती. चौकातला उजेड डोळ्यांत भरलेला असल्यामुळे तिथलं मला काहीच दिसेना. सुरजूने एक बटण दाबलं. कुडाच्या मेढीला त्याने एक बल्ब बांधला होता आणि वर तेलाचा डबा कापून उपडा घातला होता. उजेड बरोबर पायाशी पडला.

“तुमी म्हनत होते...” तो म्हणाला आणि डब्याचा पत्रा जरा खाली वाकवला. आम्ही दोघं त्या उजेडाकडे बघत उभे राहिलो, जो रमशीला गेली त्या पावसाळ्याआधी हवा होता.

फुलमतबाई अंगणात खाटेवर पडली होती. डोळ्यांवर लुगड्याचा पदर. फार वाळली होती. मला जवळ बसवून घेतलं.

“आली का मशीन?”

“आणली माय. काय झालं?”

“झोपच नाई गा येत. डोळे मिटले तरी उजेड आत येते. कोंबडे बी अर्ध्या रातीच बांग देऊन राहिले. घरात पडली तं उकडते.” मग तिने पदर बाजूला केला आणि उत्तरेकडे बोट दाखवलं. “माही खाट दिसत नाई. माह्या डोळ्यालेच दिसत नसन. म्हतारी झाली. तुह्या मशीनीले दिसन. पाय बरं जरा.”

मला माहीत होतं काय निघणार. तरी मोटारसायकलवरून बॅग काढली. तिपाई आणली नव्हती, म्हणून पाट्यावर उशी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. सप्तर्षी वैशाखात संध्याकाळीच चांगले वर आलेले असतात, त्या जागेकडे भिंग वळवलं. पाठ खांबाकडे केली, दोन्ही हातांनी भिंगाला आडोसा धरला आणि पडदा उघडला. सुरजूचा पोरगा चौकात मोठ्याने गाणी लावत होता. फुलमतबाई श्वास रोखून बघत होती. कॅमेऱ्याने बघावं म्हणून माणसाने श्वास रोखायचा असतो हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं.

पडदा मिटला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो आला, भाताच्या पेजेसारखा पांढरा. मी पुन्हा काढला, वेळ कमी करून, मग वाढवून. पेज थोडी पातळ झाली, थोडी दाट झाली. तारा एकही नाही.

कॅमेरा तिच्या डोळ्यांजवळ धरला. तिने तो लांब नेला, जवळ आणला, पडद्यावरून बोट फिरवलं, जसं तेव्हा त्या फोटोवरून फिरवलं होतं. मी काहीतरी बोलायला गेलो, की खाट तिथेच आहे, फक्त दिसत नाही. तिने हात वर करून मला थांबवलं.

“एक बी रात डोळा नाई लावला मी,” ती म्हणाली. “रातभर जागीच होती. तरी नेली गा चोरायनं. अन् पाय, वरखडा बी नाई ठेवला.”